प्रकाशाची कात्री आणि कापडाचा काठ

गेल्या नाताळच्या समारंभास जे पालक उपस्थित होते, त्यांच्या स्मरणात रंगमंचावरील तो पांढरा पडदा खचित असेल. मागे दिवा लागताच त्यावरील वेली, चांदण्या आणि मधोमध कोरलेला ‘प्रेम’ हा शब्द उजळून निघाला, तेव्हा सभागृह क्षणभर स्तब्ध झाले व नंतर टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्या आम्ही शिक्षकांनी व नववीच्या विद्यार्थ्यांनी आनंदाने स्वीकारल्या. परंतु त्या पडद्याची खरी हकीकत त्या रात्री कोणी सांगितली नाही. ती आज सांगतो. कारण तिच्यात आमची फजिती आहे, तसेच पदार्थविज्ञान, रसायन, भूमिती व शिवणकाम या चारही विषयांचा एक उत्तम पाठ आहे.

लेसर नावाच्या किरणाने कागद, लाकूड व कापड कापणारी यंत्रे हल्ली मोठ्या गावांतून पुष्कळ झाली आहेत. नावाच्या पाट्या, लग्नपत्रिका, शोभेच्या वस्तू यांवर जी केसासारखी बारीक जाळी दिसते ती बहुधा याच यंत्राची. आमच्या विद्यार्थ्यांनी संगणकावर नक्षी रेखाटली, आणि आम्ही नेवाशाच्या बाजारातून चांगला घट्ट विणीचा मांजरपाट घेऊन नगरच्या (आता अहिल्यानगरच्या) एका दुकानात गेलो. यंत्राच्या पाटावर मावतील असे कापडाचे चार पट्टे केले. झाकण बंद झाले, आत एक नळी इकडून तिकडे धावू लागली, तिच्या टोकाखाली एक ठिणगीएवढा ठिपका चमकत होता, आणि जेथून तो ठिपका गेला तेथे कापड दुभंगलेले होते. कात्री नाही, पाते नाही, कोणाचा स्पर्शदेखील नाही. मुले मंत्रमुग्ध झाली होती. मीही झालो होतो, हे कबूल केले पाहिजे.

घरी आणून पट्टे उलगडले तेव्हा मंत्र उतरला. प्रत्येक भोकाच्या कडेला तपकिरी डाग व त्यास जळक्या कागदाचा वास. ‘प्रेम’ या शब्दातील ‘प’चे पोट नाहीसे झालेले, ‘म’चेही तसेच, अक्षराच्या जागी नुसते भगदाड. वेलीचे तिरपे देठ, जे कागदावर फार डौलदार दिसत होते, ते लोंबत होते, व बोट लावताच त्यांचे धागे मोकळे होत होते. डाग जातील या आशेने मी एक पट्टा साबणाच्या पाण्यात घातला. डाग बरेचसे गेले. परंतु वाळल्यावर प्रत्येक भोकाभोवती दशा सुटल्या, आणि चांदण्या केसाळ सुरवंटासारख्या दिसू लागल्या. यात दुकानदाराचा काही दोष नव्हता. त्याने आम्ही दिलेली रेघ तंतोतंत कापली. दोष रेघ काढणाऱ्यांचा, आणि त्यांच्या शिक्षकाचा.

समारंभास दोन दिवस उरले होते. एका विद्यार्थ्याची आई घरी शिवणकाम करते. त्या भगिनींकडे आम्ही ते चार पट्टे घेऊन गेलो. त्यांनी कापड दोन बोटांत चोळून पाहिले, उजेडाकडे धरले आणि विचारले, “सर, हे तर सुती आहे. मग कापण्याअगोदर काठ का नाही बांधला?” या एका प्रश्नात आमच्या सर्व चुकांचे निदान होते. दोन रात्री जागून त्यांनी पडद्याच्या पाठीशी बारीक जाळीचे कापड लावले, गळून पडलेली ‘प’ व ‘म’ यांची पोटे त्या जाळीवर पुन्हा आपापल्या जागी बसविली आणि भोकांच्या कडा यंत्राच्या नागमोडी टाक्याने बांधून काढल्या. सभागृहाने ज्यास टाळ्या दिल्या ते अर्धे किरणाचे काम होते व अर्धे त्या भगिनींचे. त्यांचे नाव छापू नये अशी त्यांचीच इच्छा आहे.

काठ बांधावयाचा म्हणजे काय, हे समजण्यासाठी कापडाची घडण ध्यानी घेतली पाहिजे. मागावर उभे ताणलेले धागे तो ताणा, आणि धोट्याबरोबर आडवे जाणारे धागे तो बाणा. या धाग्यांना एकमेकांस कोणी चिकटविलेले नसते. एकदा वरून, एकदा खालून जाण्यामुळे जे घर्षण होते तेवढ्यावरच सारे कापड उभे आहे. कापडाच्या दोन्ही बाजूंस बाणा वळून परत येतो, म्हणून तेथे काठ तयार होतो व तो उसवत नाही. परंतु मध्येच कोठे भोक पाडले की त्या जागी पन्नास-शंभर धाग्यांची टोके एकदम अनाथ होतात, व धुण्याच्या प्रत्येक खेपेस थोडी थोडी बाहेर सरकतात. साडीला फॉल-पिको करून आणणाऱ्या प्रत्येक गृहिणीस हे ठाऊक आहे. आम्हा पदवीधरांस मात्र ते विसरले होते.

ही अडचण फार प्राचीन आहे. पवित्र शास्त्रात, निर्गम या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात, महायाजकाच्या झग्याचे वर्णन आले आहे. डोके घालण्यासाठी त्यास मध्ये भोक ठेवावे अशी आज्ञा आहे, आणि लागलीच पुढे, ते फाटू नये म्हणून त्याच्या सभोवती विणलेला गोट असावा असेही सांगितले आहे. हे वचन मी लहानपणापासून वाचीत आलो. पण त्यात एका शिंप्याचा अनुभव बोलत आहे हे मला या पडद्यामुळे उमगले.

आपल्याकडे कापडावर नक्षी काढण्याचे दोन मार्ग पूर्वापार आहेत. एक, विणतानाच नक्षी घालणे. गोदावरीकाठच्या पैठणात ज्या पैठणीचा जन्म झाला, व जी आज येवल्यात मोठ्या प्रमाणावर विणली जाते, तिच्या पदरावरचे मोर व वेली हे वेगवेगळ्या रंगांचे बाणे एकमेकांत अडकवून विणलेले असतात. तेथे काही कापलेले नाही, म्हणून सुटण्याचाही प्रश्न नाही. दुसरा मार्ग, तयार कापडावर सुईने भर घालणे; हे भरतकाम. या दोन्ही मार्गांत कापडात काही वाढविले जाते. तिसरा मार्ग उलटा आहे. त्यात कापडातून काही काढून घ्यावयाचे आणि जे उरेल त्याची नक्षी करावयाची. यास आपल्या घरांतून ‘कटवर्क’ म्हणतात. मिशनच्या शिवणवर्गांत शिकलेल्या आमच्या आई-आज्यांनी मेजपोस, उशांचे अभ्रे व मंदिरातील वेदीवरची वस्त्रे या कामाने सजविली. त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम नक्षीच्या रेघेवरून धावदोरा, मग त्यावरून दाट काजाचा टाका, आणि तो पुरा झाल्यावरच टोकदार कात्रीने आतले कापड कापून काढणे. आधी काठ, मग भोक. किरणाचे यंत्र हाच क्रम उलटा करते: ते आधी भोक पाडते, आणि काठ बनतो की नाही हे कापडाच्या जातीवर सोडून देते.

आता हा किरण आहे तरी काय? भिंगाने ऊन एका बिंदूवर आणून कागद जाळण्याचा खेळ प्रत्येक मुलाने केला आहे. लेसर ही त्याचीच पुढची पायरी. पण भेद मोठा आहे. सूर्याचा प्रकाश नाना रंगांचा, नाना दिशांनी येणारा. जणू बाजारातली गर्दी. लेसरचा प्रकाश एकाच लांबीच्या लहरींचा, एकाच दिशेने व एकाच ठेक्यात चालणारा, कवायतीच्या तुकडीप्रमाणे. म्हणून तो भिंगाने एका केसाच्या दोन-तीन पट रुंदीच्या बिंदूत गोळा करता येतो. अशा प्रकाशाचे बीज आइन्स्टाइन यांनी १९१७ साली गणिताने दाखविले होते: उत्तेजित झालेल्या अणूजवळून योग्य लहरीचा प्रकाश गेला, तर तो अणू अगदी तशीच लहर सोडून तिला साथ देतो. प्रत्यक्ष यंत्र मात्र १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी प्रथम करून दाखविले. त्यात माणकाचा स्फटिक वापरला होता. ‘लेसर’ हा शब्ददेखील मूळचा शब्द नव्हे. ‘उत्तेजित उत्सर्जनाने प्रकाशाचे वर्धन’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून तो बनविला आहे.

परंतु कापड कापणारा किरण माणकाचा नव्हे. तो ज्या वायूतून निघतो तो आपण प्रत्येक श्वासाबरोबर बाहेर टाकतो, म्हणजे कर्बवायू, ज्यास पाठ्यपुस्तकात कार्बन डायऑक्साइड म्हणतात. आणि येथे आपल्या मुलांनी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट आहे. या वायूपासून लेसर काढण्याचा शोध १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ज्यांनी लावला, ते डॉ. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यातील बारामती येथे झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली ते पदवीधर झाले, पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी १९६१ साली डॉक्टरेट मिळविली, व तिशीच्या आतच हा शोध लावला. १९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडून दिले जाणारे राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांस मिळाले. नगरच्या दुकानातील त्या झाकणाखाली जी काचेची नळी होती, तिचा वंश असा बारामतीच्या एका मुलापर्यंत पोहोचतो.

त्या नळीत कर्बवायूबरोबर नायट्रोजन व हेलियमही भरलेले असतात. विजेच्या प्रवाहाने नायट्रोजनचे रेणू चेतविले जातात. ते कर्बवायूच्या रेणूंवर आदळून आपली शक्ती त्यांस देऊन टाकतात, आणि ते रेणू ती प्रकाशाच्या रूपाने सोडतात. हेलियम हा या घरातील थंड डोक्याचा मनुष्य. वापरून झालेली उष्णता तो नळीच्या भिंतीकडे वाहून नेतो व रेणूंस पुन्हा कामास मोकळे करतो. निघणारा किरण डोळ्यांस दिसत नाही, कारण त्याच्या लहरीची लांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे डोळ्यांस दिसणाऱ्या तांबड्या प्रकाशाच्या सुमारे पंधरा पट आहे. मुलांना जी ठिणगी दिसली ती किरणाची नव्हे, जळणाऱ्या कापडाची. याच कारणाने चष्म्याची साधी काच या किरणास भिंतीसारखी आहे. तो तीतून पार जात नाही. म्हणून यंत्रातील भिंग जस्त व सेलेनियम यांच्या पिवळसर संयुगाचे करावे लागते. आणखी एक गंमत. उन्हात काळे कापड लवकर तापते व पांढरे उशिरा. परंतु या किरणापुढे काळा-पांढरा असा भेद जवळजवळ उरत नाही. कापसाचे तंतू ही लहर उत्तम शोषून घेतात, मग ते कोणत्याही रंगाचे असोत. आमचा पांढरा मांजरपाट पांढरा असूनही का करपला, याचे उत्तर हे आहे.

किरण कापडावर पडला की पुढे काय होते, हे धागा कशाचा आहे यावर ठरते. कापूस म्हणजे सेल्युलोज. तो वितळत नाहीच. तापला की करपतो, कोळसा होतो व जळून जातो. म्हणून कापसाच्या कापडात भोक पडते, पण काठ बनत नाही. उरतात ती धाग्यांची सुटी, काळसर टोके. पॉलिस्टर हा कारखान्यात तयार केलेला तंतू सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळतो. किरण पुढे सरकताच वितळलेल्या धाग्यांची टोके एकमेकांस चिकटून थिजतात, आणि भोकाभोवती आपोआप एक बारीक, कडक गोट तयार होतो. जे काम काजाच्या टाक्यास दोन दिवस लागतात, ते येथे क्षणात झाले. रेशीम व लोकर हे प्राण्यांपासून मिळणारे तंतू. ते जळताना केस जळाल्याचा वास येतो, आणि मागे उरणारी काळी राख बोटाने चुरडली जाते.

शिंपीकाम करणाऱ्यांस ही परीक्षा ठाऊक असते. कापडाचा एक धागा ओढून काडीने पेटवावा: कागदासारखा जळाला तर सुती, आक्रसून टणक मणी झाला तर कारखान्यातील, केसासारखा वास आला तर रेशमी किंवा लोकरीचा. आम्ही नगरला जाण्यापूर्वी हा एक धागा जाळला असता तर पुष्कळ काही वाचले असते.

धागा कशाचा, हा प्रश्न नेवाशास नवा नाही. प्रवरेच्या काठी जे लाडमोड नावाचे टेकाड आहे, तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. हसमुख सांकळिया व त्यांचे सहकारी यांनी १९५४ पासून उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, आणि मण्यांच्या भोकांत धाग्याचे अवशेष शिल्लक होते. एरवी आपल्या हवेत कापूस-रेशीम इतकी वर्षे टिकत नाही. पण तांब्याच्या गंजाच्या सान्निध्यात किडीचे व बुरशीचे चालत नाही, म्हणून तो धागा राहिला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या तज्ज्ञांस त्यात कापूस व रेशीम यांचे तंतू आढळले. कोण्या आईने आपल्या बाळाच्या गळ्यात ती माळ ओवून घातली असेल! आपल्या गावाच्या मातीत धाग्याचे ज्ञान इतके जुने असता, आम्ही मात्र कापडाची जात न विचारताच ते यंत्राखाली घातले.

असो. समारंभ संपल्यावर आम्ही ठरविले की या वेळी रीतसर प्रयोग करावयाचे. जानेवारीपासून शनिवारी दुपारी सात-आठ विद्यार्थी, मी व वर उल्लेखिलेल्या भगिनी असे जमू लागलो. दुकानदारांनीही औदार्याने महिन्यातून एकदा यंत्र वापरू दिले.

पहिला धडा अंकगणिताचा. यंत्राची शक्ती ४० वॅट असेल तर ते सेकंदास ४० जूल उष्णता देते. किरण सेकंदास २० मिलिमीटर चालला, तर कापडाच्या प्रत्येक मिलिमीटरच्या वाट्यास २ जूल येतात. १०० मिलिमीटर चालला, तर केवळ ०.४ जूल. तेव्हा शक्ती व वेग यांपैकी एक बदलून दुसरे कायम ठेवावे, आणि तळहाताएवढ्या तुकड्यावर चौकटी पाडून प्रत्येक चौकटीत वेगळा वेग वापरावा. कापड जेमतेम कापले जाईल एवढाच वेग योग्य. त्याहून सावकाश गेल्यास डाग वाढतात. पहिल्या पट्ट्यांच्या वेळी आम्ही ‘नीट कापले जावे’ म्हणून सावकाश चालविण्याचा आग्रह धरला होता. हा अज्ञानातून आलेला आग्रह होता.

दुसरा प्रयोग खळीचा. तांदळाच्या पेजेची दाट खळ देऊन, इस्त्री करून मांजरपाट कडक केला, तर कापताना धागे जागचे हलत नाहीत व कडा अधिक स्वच्छ येते. परंतु खळ धुण्यात निघून जाते, व दशा पुन्हा सुटतात. ज्यास पाणी लागावयाचे नाही अशा शोभेच्या वस्तूंना ही युक्ती पुरेशी आहे. तिसरा प्रयोग आमच्या भगिनींच्या सूचनेवरून केला. सदऱ्याच्या कॉलरीत घालतात ते इस्त्रीने चिकटणारे अस्तर कापडाच्या पाठीस लावले, आणि मग दोन्ही मिळून कापले. अस्तरावरील चिकटा धाग्यांस पाठीमागून धरून ठेवतो, त्यामुळे सुती कापडासही एक प्रकारचा काठ मिळतो. पोत थोडा ताठ होतो खरा. पण सहा वेळा धुऊनही तो तुकडा शाबूत आहे.

याहून कठीण प्रश्न नक्षीचा होता, आणि त्यातच मुलांना सर्वांत अधिक गोडी लागली. रांगोळीचा पत्र्याचा छाप बारकाईने पाहा, किंवा साखरेच्या पोत्यावर अक्षरे रंगविण्याचा पत्रा पाहा. त्यातील ‘व’ किंवा ‘ठ’ हे अक्षर सलग नसते. मध्ये पत्र्याच्या अरुंद पट्ट्या ठेवलेल्या असतात. त्या पट्ट्या म्हणजे पूल. पूल नसेल तर अक्षराच्या पोटातील तुकडा बेटासारखा सुटा होऊन गळून पडतो. आपली देवनागरी या बाबतीत फार खट्याळ आहे. शिरोरेघ, उभा दंड आणि अक्षराचे वळण यांच्यामध्ये ‘प’, ‘म’, ‘ष’ यांची पोटे चारही बाजूंनी बंद होतात. ‘प्रेम’ हा शब्द निवडताना आम्ही त्याचा अर्थ पाहिला, त्याची भूमिती पाहिली नाही. कापावयाचा शब्द प्रथम कागदावर काढून, काळा रंग दिलेला भाग नाहीसा झाला अशी कल्पना करून, मागे काय उरते व ते कशास धरून आहे हे पाहणे, ही सवय आता मुलांस लागली आहे.

मग वेलीचे तिरपे देठ का लोंबले? देठ तर तुटले नव्हते, त्यांस दोन्ही टोके होती. याचे उत्तर एका विद्यार्थिनीने फळ्यावर काढून दाखविले. ताण्याच्या दिशेने कापलेली तीन मिलिमीटर रुंदीची पट्टी घ्या: तिच्यात ताण्याचे कित्येक धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जातात, आणि ओढ सहन करतात. तीच पट्टी ४५ अंशांत तिरपी कापा: आता तिच्यातील प्रत्येक धागा एका कडेकडून शिरून दुसऱ्या कडेने बाहेर पडतो. पायथागोरसच्या सिद्धांताने त्याची लांबी ३ गुणिले वर्गमूळ २, म्हणजे सुमारे सव्वाचार मिलिमीटर भरते. पट्टी एक वीत लांब असली तरी तिच्यात सव्वाचार मिलिमीटरहून लांब असा एकही धागा नाही! ती धाग्यांवर उभी नसून त्यांच्या घर्षणावर लोंबत असते. तेव्हा सुती कापडात अरुंद पूल नेहमी ताण्याच्या अगर बाण्याच्या रेषेत ठेवावेत. तिरपे ठेवणे भागच असेल तर रुंद ठेवावेत. पॉलिस्टरमध्ये थिजलेली कडा पट्टीस सांभाळते, म्हणून तेथे ही बंधने शिथिल होतात. यामुळेच बाजारात लेसरने कापलेली बारीक जाळी बहुधा पॉलिस्टरवरच दिसते. हे ज्ञान त्या मुलीने पुस्तकातून नव्हे, तर लोंबणाऱ्या देठाचे धागे टाचणीने मोजून मिळविले, याचे मला विशेष कौतुक वाटते.

आणखी एक खेळ घरीही करता येईल, त्यास यंत्र नको. कागदाच्या घडीवर एकदा डावीकडून व एकदा उजवीकडून आळीपाळीने चिरा द्या, आणि घडी उलगडून ओढा. नाताळच्या चांदणीखाली किंवा आकाशकंदिलास लावतात तशी लांब जाळी उघडते. अशाच आळीपाळीच्या चिरा जाड, न विणलेल्या फेल्ट कापडात किरणाने दिल्या, तर न ताणले जाणारे कापड ताणले जाऊ लागते, व गोल वस्तूवर सुरकुती न पडता बसते. फेल्टमध्ये ताणा-बाणा नसतोच, तंतू गुंतवून दाबलेले असतात. म्हणून त्यास दशाही सुटत नाहीत. आमच्या विद्यार्थ्यांनी अशा फेल्टचे पाण्याच्या बाटलीस चपखल बसणारे वेष्टन केले आहे.

पालकांसाठी सावधगिरीचे दोन शब्द. हे यंत्र म्हणजे झाकणाखाली कोंडलेला विस्तव आहे. कापड पेट घेऊ शकते. म्हणून ते चालू असता क्षणभरही सोडून जाऊ नये, आणि धूर बाहेर नेणारा पंखा चालू असल्यावाचून हात लावू नये. झाकण उघडून आत डोकावणे तर सर्वथा वर्ज्य. न दिसणारा किरण डोळ्याच्या बाहुलीवरील पारदर्शक पडदा भाजू शकतो. आणि रेक्झिन म्हणून जे चामड्यासारखे कापड मिळते ते यंत्रात कधीच घालू नये. त्यात बहुधा पीव्हीसी असते. तापले असता त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो, जो फुप्फुसांस अपाय करतो व यंत्राचे लोखंडही खातो.

एका पालकांनी मला विचारले की, या यंत्रामुळे शिवणकामावर पोट भरणाऱ्या बायांचे काय होणार? याचे गोड उत्तर माझ्यापाशी नाही. पॉलिस्टरच्या कापडावर यंत्राने कापलेली कड पुरी असते. तेथे हाताच्या कटवर्कला काम उरलेले नाही, आणि बाजारात पॉलिस्टरच अधिक खपते. सुती व रेशमी कापडाची गोष्ट वेगळी. तेथे किरण भोक पाडून मोकळा होतो, आणि काठ बांधण्यास मनुष्यच लागतो. आमच्या भगिनींनी यातून स्वतःपुरता एक मार्ग काढला आहे. चिकट अस्तर लावलेल्या रंगीत सुती कापडाची पाने व फुले त्या यंत्रावर कापून आणतात, ती इस्त्रीने दुसऱ्या कापडावर बसवितात आणि कडेने काजाचा टाका घालतात. कापण्याचा वेळ वाचतो. पण नगरला जाण्या-येण्याचे भाडे व कापण्याची मजुरी वजा जाता हाती अधिक उरते की कमी, हा हिशेब अजून जुळलेला नाही. नववीचे दोन विद्यार्थी तो त्यांच्या वहीत दर महिन्यास मांडीत आहेत.

येत्या नाताळसाठी नवा पडदा होत आहे. शब्द तोच ठेवावा असा मुलांचा आग्रह आहे. ‘प’च्या पोटास दोन पूल दिले आहेत, ‘म’ला तीन, ते सारे ताण्याच्या रेषेत आहेत, व वेलीचे देठ सरळ उभे केले आहेत. प्रयोगांचे सर्व तुकडे, त्यांवर वेग, शक्ती व धुण्याच्या खेपा लिहून, विज्ञानाच्या खोलीतील दुसऱ्या कपाटात एका वहीत चिकटविले आहेत. ज्यांस पाहावयाचे असतील त्यांनी शनिवारी दुपारी यावे. पहिल्या पडद्याचा साबणात घातलेला एक तुकडाही, दशांसह, त्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.